सत्तेचाळीस नंबरचं घर

सीतालक्ष्मीबाईंना चालता चालता विचार करायची सवय होती, आणि विचार करता करता हरवून जायचीही. तिरुवल्लिकेणीतल्या आपल्या दोन खोल्यांतून त्या सकाळी सहाला निघत. देवळाच्या तळ्याला वळसा घालून मॅन्शनांच्या गल्लीत शिरत. तिथे एकट्याने राहणाऱ्या नोकरदार मुलांच्या ओल्या लुंग्या गॅलरीत ओळीने फडफडत असत. मग पाय मरीनाच्या वाळूत रुतले की त्या दचकून थांबत. आपण इथवर कधी आलो हे त्यांना कधीच आठवत नसे.

वय चोपन्न. लग्न राहून गेलेलं. घराणं तंजावरकडचं मराठी. घरात बोलायची मराठी पूर्वजांनी तीनेकशे वर्षांपूर्वी बरोबर आणलेली, आणि तिच्यात इतक्या पिढ्यांची तमिळ मुरलेली. एकवीस वर्षं त्यांनी केंद्र सरकारच्या पाहणी खात्यात काढली. खेड्याखेड्यांतून फिरायचं, दारात बसायचं, घरात माणसं किती, छप्पर कशाचं, जेवण किती वेळा, हे विचारून कागदावर लिहायचं. पाठ दुखायला लागली तेव्हा त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. पण दारं काही त्यांना सोडेनात. झोपेत अजूनही कुणाची तरी दारं उघडत, बायका पदराला हात पुसत बाहेर येत आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत ऋचाने पाहणी खात्यातून नंबर मिळवून त्यांना फोन केला. ऋचा नाशिकची, अठ्ठावीस वर्षांची. जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. त्सुनामीच्या वेळी मदतीला म्हणून किनाऱ्यावर गेली आणि मनाने पुन्हा कचेरीत परतलीच नाही. आता ती अड्यारमधल्या एका छोट्या संशोधन संस्थेत काम करत होती. सीतालक्ष्मीबाई तिला भेटायला गेल्या तेव्हा तिच्या टेबलावर कॉम्प्युटर, चार दिवसांपूर्वीचा चहाचा पेला आणि किनाऱ्याचा मोठा नकाशा होता.

"अक्का, लाटेनंतर मदत आली," ऋचा म्हणाली. "होड्या आल्या, सिमेंटची घरं आली. पुष्कळ घरं गरिबीतून वर आली असं सगळे म्हणतात. मला त्याच्या पुढचं बघायचंय. वर आलेल्यांपैकी परत खाली कोण जाईल? आणि ते जायच्या आधी आपल्याला ओळखता येईल का?"

"ओळखून काय करणार गे?"

"आधी कळलं तर आधी हात देता येईल. पडल्यावर धावण्यापेक्षा पडायच्या आधी जा, असं सरकारला सांगता येईल."

सीतालक्ष्मीबाई नकाशावरच्या निळ्या कडेकडे बघत राहिल्या.

"तुझी मराठी पाठ्यपुस्तकासारखी आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

"आणि तुमची पोथीसारखी," ऋचा हसून म्हणाली.

"सरि. येत्यें मी."

का हो म्हटलं, ते त्यांनी ऋचाला त्या दिवशी सांगितलं नाही. त्यांचे वडील कुंभकोणमजवळच्या एका खेड्यात हरिकथा करत. आवाज असा, की बैलगाड्या रस्त्यात थांबत. सीतालक्ष्मीबाई नऊ वर्षांच्या असताना एका मार्गशीर्षात तो आवाज बसला, तो पुन्हा उठला नाही. तेव्हा घरात तांदूळ होता, गाय होती, अंगणात केळी होत्या. बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसत होतं. पण कथा नाही म्हणून माणसं येईनाशी झाली, आणि माणसं येत नाहीत म्हणून आईने दारातली रांगोळी लहान केली. आधी ओसरीभर असे, मग पाटाएवढी, मग तळहाताएवढी. तीन वर्षांनी ते सगळे तिरुवल्लिकेणीत एका नातेवाइकाच्या मागच्या खोलीत राहायला आले. घर नेमकं कुठल्या दिवशी घसरायला लागलं, हे सीतालक्ष्मीबाईंना मोठेपणी पुष्कळदा शोधून पाहावंसं वाटे. तो दिवस काही सापडत नसे.

कामाची रीत सोपी होती. कोवलमच्या दक्षिणेला ईस्ट कोस्ट रोडच्या कडेने चार कुप्पम, म्हणजे कोळ्यांच्या वस्त्या. त्यांतली दोनशे घरं. दर सहा महिन्यांनी प्रत्येक घरी जायचं आणि चाळीस प्रश्न विचारायचे. छप्पर, होडी, शेळ्या, शाळा, कमावते हात, आजारपण, दवाखान्याचं अंतर. ऋचाने बसवलेलं गणित त्यातून प्रत्येक घराला शून्य ते शंभर यांमधला एक आकडा देई. आकडा जितका मोठा, तितकी ते घर पुन्हा गरिबीत जाण्याची भीती जास्त.

"आणि एक नियम, अक्का," ऋचाने पहिल्याच दिवशी बजावलं. "आपण फक्त बघायचं. मदत करायची नाही, मध्ये पडायचं नाही. आपण हात लावला तर ते घर स्वतःच्या बळावर उभं राहिलं की आपल्यामुळे, हे कळणारच नाही."

सीतालक्ष्मीबाईंनी मान डोलावली. सरकारी खात्यातही असंच होतं.

मग सुरू झाल्या त्या बसच्या फेऱ्या. तिरुवान्मियूर सुटलं की शहर पातळ होत जाई. मुट्टुकाडूच्या खाडीवर बस आली की एकदम दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, आणि त्यात पांढरे पक्षी न हलता उभे. कंडक्टर शिट्टी वाजवायचाही कंटाळा केल्यासारखा दारात टेकून राही. सीतालक्ष्मीबाई डोळे अर्धे मिटून बसत. खाडीच्या पाण्यावर त्यांना ती दोनशे घरं तरंगताना दिसत, काही उंच, काही बुडायला आलेली, सगळी एकमेकांना सुंभाने बांधलेली. बस पूल ओलांडून सरूच्या बनात शिरली की घरं नाहीशी होत आणि खारट वाऱ्याबरोबर सुकटीचा वास येई.

सत्तेचाळीस नंबरचं घर अंजलैचं होतं. तिचा नवरा एळुमलै मच्छीमार, मुलगी पूंगोडी तांबरमला नर्सिंग शिकत होती. सिमेंटचं निळं घर, स्वतःची फायबरची होडी, इंजिन, चार शेळ्या. नवरा दारू पीत नव्हता. ऋचाच्या गणितात या घराला आकडा मिळाला आठ. दोनशे घरांत सगळ्यात सुरक्षित अशा पहिल्या पाचांत ते बसलं.

सीतालक्ष्मीबाई पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हा त्यांना बरं वाटलं. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. तिसऱ्या खेपेला, दोन हजार सातच्या उन्हाळ्यात, ते कळलं. त्या घरात फार शांत होतं.

इतर घरी चाळीस प्रश्नांना दीड तास लागे, कारण उत्तरं देणारी एकटी घरवाली नसे. शेजारीण येऊन म्हणे, "खोटं सांगतेय, तिला पाच शेळ्या आहेत." कुणी वाटी परत द्यायला येई, कुणी मूल ठेवायला. अंजलैच्या दारात कुणीच येत नव्हतं. बाहेरच्या नळावर बायकांची रांग होती. अंजलै कळशी घेऊन गेली तशी बायकांचं बोलणं थांबलं. ती बाजूला उभी राहिली आणि सगळ्यांचं भरून झाल्यावर तिने पाणी भरलं. भांडण नाही, शिवी नाही. बाहेरच्या माणसाला काही दिसलंही नसतं.

त्या दिवशी सीतालक्ष्मीबाईंनी चाळीस प्रश्न संपल्यावर एक जास्तीचा विचारला. "काल तुझ्या दारात कोण कोण आलं होतं, अम्मा?"

अंजलैने शेळीच्या गळ्यातली दोरी सारखी केली. मग म्हणाली, "दूधवाला."

हळूहळू गोष्ट कळली. लाटेनंतर वस्तीला होड्या कमी मिळाल्या होत्या. वस्तीच्या पंचांनी ठरवलं, की ज्याच्या नावावर होडी आली त्याने ती पाळीपाळीने दुसऱ्यांनाही द्यायची. एळुमलै नाही म्हणाला. कागदावर माझं नाव आहे, माझा भाऊ लाटेत गेलाय, मी कुणाला देणार नाही. तेव्हापासून लग्नाला बोलावणं नाही, मयताला बोलावणं नाही. दोन वर्षं होऊन गेली होती.

"ऋचा, सत्तेचाळिसाचा आकडा चुकतोय," त्या अड्यारला येऊन म्हणाल्या.

"कसा? सगळं नीट आहे त्यांच्याकडे."

"तें घर एकटें आहे गे. धक्का बसला कीं तें कुणावर टेकणार?"

"एकटेपणा मोजायचा कसा, अक्का?" ऋचाने खुर्ची वळवली. तिचा स्वर चिडका नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मला मोजता येईल असं काहीतरी द्या. आणि तुम्ही म्हणता तसं बघितलं तर एकशे बारा नंबरचं काय? झावळ्यांची झोपडी, म्हातारी विधवा, ना जमीन, ना कमावतं माणूस. आकडा एक्काहत्तर. तिथे तुम्हाला काय वाटतं?"

"वळ्ळियम्मा? तिला काही होत नाही."

"का?"

"तिच्या दारांत बसायला जागा नसते."

ऋचा हसली, सीतालक्ष्मीबाईही हसल्या. आकडे होते तसेच राहिले.

दोन हजार आठच्या नोव्हेंबरात समुद्र खवळला. होड्या वर ओढून घेताना एळुमलैची होडी ओल्या ओंडक्यांवरून घसरली आणि त्याच्या मांडीवर आली. चार माणसांनी धावत येऊन त्याला काढलं, रस्त्यापर्यंत उचलून नेलं, गाडीत घातलं. मग ती आपापल्या घरी गेली.

सीतालक्ष्मीबाई तीन आठवड्यांनी आपल्या फेरीला आल्या तेव्हा एळुमलै भिंतीकडे तोंड करून पडला होता. कमरेपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर. शेळ्या नव्हत्या. होडीचं इंजिन नव्हतं. ओसरीवर पूंगोडी मासळी चिरत बसली होती. तिचा हात सराईत नव्हता, बोटाला चिंधी होती.

"तू इथे कशी? कॉलेज?"

पूंगोडीने वर पाहिलं नाही. आतून अंजलै म्हणाली, "लिहा तुमच्या कागदावर. मुलगी घरी."

त्यांनी लिहिलं. चाळीसही उत्तरं लिहिली. छप्पर कशाचं, सिमेंटचं. दवाखाना किती लांब, सहा किलोमीटर. पेन नीट चालत होतं आणि अक्षर नेहमीसारखंच सरळ येत होतं, याची त्यांना लाज वाटली.

बस थांब्यावर त्या उभ्या राहिल्या. एक बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. ऊन पांढरं झालं होतं. सरूच्या झाडांतून वारा जाताना कुणीतरी लांब बसून घसा साफ करतंय असा आवाज येत होता. पुढचं पद, पुढची ओवी आता येईल, असं वाटावं आणि येऊ नये. त्या कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. वडिलांचा आवाज गेला त्या वर्षी त्यांच्या ओसरीवर एक जरी माणूस नुसता येऊन बसला असता, कथा ऐकायला नाही, उगाच, तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. पण आईने रांगोळी लहान करायच्या आधी एकदा थांबून विचार केला असता.

त्या वळल्या आणि वस्तीच्या दुसऱ्या टोकाला वळ्ळियम्माच्या झोपडीकडे चालू लागल्या.

वळ्ळियम्मा पंचाहत्तरीची. तरुणपणापासून सुईण. वस्तीतली निम्मी माणसं तिच्या हातांत जन्मलेली, पंच धरून. ती दारात पाय पसरून जाळ्याचा फाटका भाग चाचपत होती. आजूबाजूला चार बायका होत्या. सीतालक्ष्मीबाईंचा चेहरा बघून म्हातारीने त्या बायकांना हातानेच जायला सांगितलं.

"आज काय विचारणार?" ती म्हणाली.

"आज विचारायला नाही आले."

"मग?"

"अंजलैची मुलगी मासळी चिरतेय."

वळ्ळियम्माने जाळं खाली ठेवलं नाही. "त्याने होडी दिली नाही," ती म्हणाली. "आमची पोरं चार महिने किनाऱ्यावर हात बांधून बसली. ते तुझ्या कागदात आहे का?"

"नाही."

"मग लिही."

"लिहीन. पण होडी आता पालथी पडलीय, आई. इंजिन गेलं. तो चालेल की नाही तेही सांगता येत नाही."

समुद्राचा आवाज मध्येच मोठा झाला, मग कमी झाला. म्हातारी आपल्या बोटांकडे बघत होती.

"ती पोरगी पायाळू," ती म्हणाली. "रात्रभर दमवलं होतं तिनं. पाय आधी आले. मी म्हटलं, ही चालत आलीय, ही लांब जाणार." मग ती एकदम चिडून म्हणाली, "काठी दे ती."

सीतालक्ष्मीबाईंनी काठी दिली. बरोबर जाऊ का असं विचारलं, तर वळ्ळियम्मा म्हणाली, "तू जा. तुझी बस चुकेल."

पण त्या गेल्या नाहीत. लांब उभ्या राहून बघत राहिल्या. म्हातारी भर दुपारी सगळ्या वस्तीच्या मधून, मुद्दाम लांबच्या वाटेने गेली. नळापाशी थांबली, देवळापाशी थांबली, सगळ्यांना दिसेपर्यंत थांबली. मग सत्तेचाळीस नंबरच्या पायरीवर बसली आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अंजलै, पाणी दे."

दार उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा अंजलैच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या होता. वळ्ळियम्मा ते पाणी सावकाश प्यायली. उठली मात्र नाही. तास झाला, दीड तास झाला. मग नळावरची एक बाई म्हातारीला घरी न्यायला म्हणून आली आणि तीही बसली. तिच्यामागे एक पोरवाली आली. संध्याकाळच्या उन्हात त्या निळ्या भिंतीवर तीनचार बायकांच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या, तेव्हा सीतालक्ष्मीबाईंनी बस पकडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋचाला सगळं सांगितलं. लपवावं असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही.

ऋचा उभी राहिली. "तीन वर्षं, अक्का! तीन वर्षं आपण नियम पाळला."

"होय गे."

"आता त्या घराचं पुढे जे होईल ते आपल्याला मोजता येणार नाही. कळतंय ना तुम्हाला?"

"खोडून टाक तें घर. दुसरें कुणी तिथे पाठव, मी जात नाही. मज आता राहवलें नाही."

ऋचाने कॉम्प्युटरवर सत्तेचाळिसाची ओळ उघडली. आकडा अजून आठ होता. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मी आठ दिला होता." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सीतालक्ष्मीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आठही खोटा नव्हता गे," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापाशी होतें, तें सगळें तू मोजलेंस."

घर खोडलं गेलं. पण ऋचाने एक्केचाळिसावा प्रश्न म्हणून "काल तुमच्या दारात कोण आलं होतं?" हा प्रश्न दुसऱ्या वस्त्यांमध्ये विचारून पाहिला. तो फसला. नवख्या मुलामुलींनी धडाधड विचारलं, आणि लोकांनी धडाधड सांगितलं, सगळे येतात. कुणीच एकटं निघालं नाही.

"प्रश्न कामाचा नाही, अक्का," ऋचा निराश होऊन म्हणाली.

"प्रश्न बरा आहे. विचारून लगेच उठायचें नाही. बसायचें. कोण येतें तें आपणच बघायचें."

"प्रत्येक घरी दोन तास कोण बसणार? तेवढी माणसं कुठून आणू?"

अहवाल निघाला त्यात शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात चार ओळी आल्या: घराला माणसांचा आधार किती, हे या पद्धतीने मोजता आलेलं नाही, आणि ही मोठी उणीव आहे. त्या ओळी ऋचाने स्वतः लिहिल्या होत्या. संस्थेतल्या वरिष्ठांनी त्या काढायला सांगितल्या, तेव्हा ती अडून बसली होती.

सत्तेचाळीस नंबरचं घर सावरलं, पण पहिल्यासारखं झालं नाही. एळुमलैचा पाय आखूड राहिला. समुद्रावर जाणं संपलं. त्याची होडी आता वस्तीतली दोन माणसं स्वतःचं इंजिन लावून नेतात आणि मासळीचा वाटा घरी पोचवतात. ज्यांना त्याने होडी नाकारली होती, त्यांच्यातलाच एक जण त्यात आहे. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. शेळ्या परत आल्या नाहीत. पूंगोडीचं एक वर्ष बुडालं. पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा तांबरमच्या वसतिगृहात गेली, आणि तिला बसवर सोडायला वळ्ळियम्मा काठी टेकत रस्त्यापर्यंत आली.

दोन हजार नऊच्या सप्टेंबरात सीतालक्ष्मीबाई पहिल्यांदाच कागदाशिवाय तिथे गेल्या. हातात धरायला काही नाही म्हणून त्यांना वाटभर चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. अंजलैने त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात भात शिजवून ठेवला होता, वर ताक आणि लिंबाचं लोणचं. "यात मासळीचा हात नाही लागलेला," तिने दोनदा सांगितलं. त्या ओसरीवर बसून जेवल्या. शनिवार होता, पूंगोडी घरी आली होती. तिने कॉलेजातून रक्तदाब बघायचं यंत्र मागून आणलं होतं आणि समोर दिसेल त्याच्या दंडाला पट्टा बांधत होती. वळ्ळियम्माचा झाला, नळावरच्या बाईचा झाला, मग ती सीतालक्ष्मीबाईंपाशी आली.

"झोप लागते का? चालताना दम लागतो? जेवणात मीठ किती? घरी स्वयंपाक कोण करतं?" ती भराभर विचारत होती आणि वहीच्या मागच्या पानावर लिहीत होती.

सीतालक्ष्मीबाई समोरच्या पाण्याकडे बघत एकेक उत्तर देत होत्या. दुपारच्या उजेडात समुद्र आणि आकाश यांच्यामधली रेघ पुसली गेली होती, आणि एक होडी कुठेच टेकलेली नसल्यासारखी मधोमध थांबली होती.

"जास्त आहे," पूंगोडी पट्टा सोडत म्हणाली. "लोणचं बंद. आणि पुढच्या शनिवारी परत यायचं, मला बघायचंय."

"सरि," सीतालक्ष्मीबाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी त्या गेल्या.